तरुणपणी भारावून टाकणारी वैचारिक कादंबरी पंचवीस वर्षांनी पुन्हा वाचली तर निराशा होते का?

माझी झाली, पण थोडी. आणि जिथे होईल वाटलं होतं तिथे नाही.

पुस्तक वि. स. खांडेकरांचं ‘ययाति’. सावंतवाडीला कॉलेजात असताना वाचलं होतं, गेल्या जुलैत पुन्हा. दोन दिवस लाईट नव्हती, पावसाने बागेत पाऊल टाकवत नव्हतं. ट्रंकेतून प्रत काढली तर पानं दमटाने चिकटलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. (आमच्याकडे खांडेकर म्हणजे घरचेच. १९२० पासून अठरा वर्षं शिरोड्यात मास्तर होते, म्हणून ‘ययाति’ही इथेच लिहिली असं छातीठोक सांगणारे भेटतात. ती आली १९५९ साली, शिरोडा सोडून त्यांना वीस वर्षं उलटल्यावर.)

निराशा भाषेने केली. उपमांवर उपमा. तपस्वी कचाचं तत्त्वज्ञान तेव्हा पेन्सिलने रेघा मारत वाचलं होतं, आता पानंच्या पानं उलटली. ययातीची राणी देवयानी मात्र तेव्हा नुसती घमेंडखोर वाटली होती; या खेपेला तिचा राग कळला.

खरी गोष्ट शेवटाकडची. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला ययाती मुलाकडे, पुरूकडे, तारुण्य मागतो. महाभारतात तो ते हजार वर्षं भोगतो, खांडेकर त्याला फार लवकर पश्चात्तापाशी आणून सोडतात. विसाव्या वर्षी मनात आलं होतं, असा बाप असतो का कुठे?

चार वर्षांपूर्वी थोरल्याला पुण्यात नोकरी लागली होती. माझा गुडघा गेलेला, फवारणीला माणसं मिळेनात, कलमांची राखण कोण करणार? म्हटलं, दोन हंगाम थांब. “बरा, रवतंय,” एवढंच म्हणाला. दोनाचे चार झाले. परत विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.

तर ती पानं वाचताना पुस्तक मिटून ओटीवर बसलो. ययाती मागताना जी कारणं देतो ती काही राक्षसाची नाहीत, आपल्या घरातली आहेत.

दुसऱ्या दिवशी आणखी एक लक्षात आलं. ययाती, देवयानी आणि पुरूची आई शर्मिष्ठा, तिघंही कादंबरीत ‘मी’ म्हणून आपापली बाजू सांगतात. पुरूला तसं एकही प्रकरण नाही.

तुम्ही वाचणार असाल तर नवी प्रत घेऊ नका, जुनीच शोधा. माझ्या प्रतीत कचाच्या बोलण्याखाली रेघाच रेघा आहेत. पुरूच्या पानांवर एकही नाही.