आधी सुई, मग तबकडी

प्रिय मित्रा,

रेकॉर्ड जमवायचं मनावर घेतलंस आणि पहिला प्रश्न विचारलास, 'स्वस्त कुठे मिळतील?' मुंबईत चोरबाजारात बघ, पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात बघ. पण पहिले पैसे सुईवर घाल. सूटकेसवजा स्वस्त प्लेअरमधली सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेली छोटी डबी) तबकडीवर ५ ग्रॅमच्या आसपास भार टाकते. बऱ्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला २ ग्रॅम पुरतात. टोनआर्म म्हणजे कार्ट्रिज धरणारा लांब दांडा. त्याच्यामागचं वजन फिरवून तो तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगता कर, वजनावरचा आकडा शून्यावर आण आणि मग कार्ट्रिजच्या कागदावर दिलेला भार लाव. अँटी-स्केटिंग, म्हणजे सुईची मधल्या बाजूची ओढ रोखणारी सोय, तीही तेवढ्याच आकड्यावर ठेव. भार कमी ठेवला की तबकडी वाचते, हा गैरसमज आहे. फार हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती खरवडते. साधारण ५०० तासांनी सुई बदल. रोज एक एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) ऐकलीस, तर दोन वर्षं झाली समज.

७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी लाखेची तबकडी आणि विनाइल या प्लास्टिकची एलपी यांचा संसार वेगळा ठेव. लाखेची खोबणी जवळजवळ तिप्पट रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी लोळते आणि गाण्याआधी खरखरच ऐकू येते. म्हणून ७८साठी वेगळी, जाड टोकाची सुई घे. चावीच्या ग्रामोफोनवर मात्र एलपी चुकूनही लावू नकोस. त्याच्या साउंडबॉक्सचा (पिन धरणाऱ्या गोल डबीचा) भार १०० ग्रॅमच्या वर जातो. एका फेरीत एलपी कामातून जाईल. त्यात पोलादी पिन असते, तीही दर बाजूला नवी लावायची. ती न बदलण्याचा कंजूषपणा आधीच्या मालकांनी केला म्हणून तर निम्म्या नाट्यसंगीताच्या तबकड्या आज करड्या पडल्या आहेत.

तो करडेपणा ओळखायला शीक. मोबाइलचा टॉर्च तिरपा धर. चांगली खोबणी काळीभोर चमकते, झिजलेली राखेसारखी दिसते, आणि झीज धुऊन जात नाही. ओरखड्यावरून नख हलकेच फिरव. नखाला लागला तर 'टक्' असा आवाज येणार. नुसता दिसतोय, लागत नाही, तर बहुधा चालेल. लाखेची तबकडी मधल्या भोकात बोट घालून लोंबती धर आणि मडकं वाजवून घेतात तशी टिचकी मार. बद्द वाजली तर तडा आहे. भोक सैल किंवा मध्यापासून सरकलेलं असेल तर लांब स्वर डोलतो. हार्मोनियमवर तो लगेच कळतो, तानपुऱ्यावर तर असह्य होतो.

घरी आणलेली तबकडी न धुता लावू नकोस. विनाइलसाठी ४ भाग डिस्टिल्ड वॉटर, १ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी धुण्याच्या लिक्विडचा एखादा थेंब घे. मऊ ब्रशने खोबणीच्याच दिशेने फिरव, लेबल कोरडं ठेव. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धू आणि भांड्यांच्या रॅकमध्ये उभी करून वाळव. नळाचं पाणी वापरलंस तर क्षार खोबणीत बसतात. लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही नको. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, हे कुठलाही पॉलिशवाला सांगेल.

ठेवताना उभ्याच ठेव, खेटून पण चेपून नाही. आडव्या थप्पीत खालच्या वाकतात. १०० एलपी कव्हरांसकट २५ किलोच्या घरात जातात, तेव्हा हलक्या फळीचा भरवसा धरू नकोस. पावसाळ्यात कपाट ओलसर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, आत सिलिका जेल ठेव. जुनी पीव्हीसीची पातळ पिशवी काढून टाक. ती तबकडीवर धुकट डाग सोडते. आणि मे महिन्यात रेकॉर्ड गाडीच्या डिकीत ठेवून चहाला गेलास, तर परत येईपर्यंत तिची लाट झालेली असेल.

लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (तबकडी ज्या साच्यातून निघाली त्याचा क्रमांक) वहीत उतरवत जा. कव्हरं बदललेली असतात, हा क्रमांक मात्र तबकडीचाच असतो. १९०२ पासून भारतात झालेल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी एखादं हाती लागलंच, तर गाणं संपल्याबरोबर सुई उचलू नकोस. कलकत्त्याच्या गायिका गौहर जान शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत, कारण तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना गाणारं कोण ते कळायला हवं. ते नाव शेवटच्या काही सेकंदांत असतं.