काळ्या कपड्यांतला ड्यूक

प्रश्न : जोन ऑफ आर्कला इंग्रजांच्या हवाली करणारा बर्गंडीचा ड्यूक फिलिप. त्याला ‘द गुड’ म्हणतात, म्हणजे सज्जन! हे कसं काय? आणि चित्रांत तो कायम काळ्या कपड्यांत का असतो?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं अर्धं उत्तर आहे, म्हणून कपड्यांपासून सुरुवात करतो.

मुलीकडे ब्रसेल्सला गेलो होतो तेव्हा एक दिवस ब्रूजला जाऊन आलो. तिथल्या संग्रहालयात हे फिलिपराव भेटले. रोगियर व्हान डर वेडनच्या मूळ चित्राची ती जुनी नक्कल. लांबोडका चेहरा, जाड ओठ, डोक्यावर काळं पागोट्यासारखं काहीतरी. अंगावर रंग असा नाहीच, फक्त गळ्यात सोन्याची साखळी. तिला छोटासा मेंढा लोंबकळतोय, कमरेत पट्टा घालून उचलल्यासारखा. ही ‘सोनेरी लोकर’ पंथाची खूण. १४३० साली पोर्तुगालच्या इझाबेलाशी लग्न झालं, तेव्हा ब्रूजमध्येच त्याने हा २४ सरदारांचा पंथ, म्हणजे मानाचं मंडळ, काढला.

काळं आलं ते बापाच्या खुनातून. १० सप्टेंबर १४१९ला मोंतरोच्या पुलावर फ्रान्सच्या युवराजाशी बोलणी करायला गेलेल्या बापावर युवराजाच्याच माणसांनी कुऱ्हाड चालवली. फिलिप तेव्हा २३ वर्षांचा. काळे कपडे त्याने घातले ते पुढे जवळजवळ अंगाला चिकटलेच. पुढच्याच वर्षी त्र्वाच्या तहात तो फ्रान्सशी लढणाऱ्या इंग्रजांना जाऊन मिळाला. सूड, दुसरं काय!

म्हणून २३ मे १४३०ला काँपियेनबाहेर फ्रान्सच्या बाजूने लढणारी जोन सापडली, तेव्हा तिला पकडणारं सैन्य बर्गंडीच्या बाजूचं होतं. एका तिरंदाजाने अंगरख्याला धरून तिला घोड्यावरून खाली ओढलं. ती पडली फिलिपच्या मांडलिकाच्या, जाँ द लक्झेंबर्गच्या हाती. इंग्रजांनी मोजले १०,००० लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन). तेव्हा सौदा नावाने जाँचा, पण धन्याच्या डोळ्यांआडचा नव्हे. ती सापडली त्याच संध्याकाळी फिलिप तिला भेटायला गेला होता. मोंस्त्रले नावाचा बखरकार तिथे हजर होता आणि तो लिहितो काय, तर दोघांत काय बोलणं झालं ते मला नीट आठवत नाही! एवढी मोठी गोष्ट, आणि नेमकी तीच आठवत नाही. मला तर ही विस्मृती फार सोयीची वाटते.

आता ‘सज्जन’. त्याच्या पदरी शास्तलँसारखे पगारी बखरकार होते, यान व्हान आइकसारखा चित्रकार होता. दरबारात खाऊनपिऊन सुखी असलेल्यांना तो चांगलाच वाटणार. अगदी खोटंही नाही ते. १४३५ साली आरासला त्याने फ्रान्सच्या राजाशी, म्हणजे त्या जुन्या युवराजाशीच, समेट केला. ब्राबांत, हॉलंड, लक्झेंबर्ग एकेक करत घशात घातलं, तेही बरंचसं वारसा, दडपण आणि खरेदी यांवर. लढायाही केल्या, पण लढाईची हौस पुढे त्याच्या मुलाला, चार्ल्सला जडली आणि तीच त्याला १४७७त नान्सीला भोवली.

घेंटवाल्यांना मात्र विचारू नका. घेंट म्हणजे फिलिपच्याच अमलाखालचं फ्लँडर्समधलं शहर. १४४७त फिलिपने मिठावर कर बसवायचा घाट घातला (मिठावरचा कर म्हटलं की आपले कान टवकारतातच), शहराने नाही म्हटलं, आणि ते चिघळत चिघळत १४५३च्या जुलैत गाव्हेरच्या लढाईपर्यंत गेलं. घेंटच्याच एका गोलंदाजाकडून तोफेच्या दारूच्या पोत्यात ठिणगी पडली, सैन्यात पळापळ झाली आणि शहर हरलं. पुढाऱ्यांना अनवाणी, नुसत्या सदऱ्यावर गुडघे टेकून माफी मागावी लागली. तीही फ्रेंचमध्ये, फ्लेमिश बोलणाऱ्या लोकांना! शिवाय ज्या वेशीतून ते बंड करायला गुरुवारी बाहेर पडले होते, ती दर गुरुवारी बंद ठेवायची, असं तहातच लिहून घेतलं.