‘कळवतो’ म्हणाले, पण कळवलंच नाही

प्रिय ताई,
मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वाळपईजवळच्या गावात राहते. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं आणि वर्षभर एका छोट्या लॅबमध्ये काम करतेय. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या आठवड्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या जागेसाठी माझी मुलाखत झाली. बरी झाली असं मला वाटलं. ‘आठ-दहा दिवसांत कळवतो’ म्हणाले. महिना होत आला, निरोप नाही. रोज मेसेज लिहिते आणि पुसून टाकते. विचारलं तर उतावळी ठरेन आणि हातचं जाईल, ही भीती. आई म्हणते गप्प राहा, नशिबात असेल तर येईल. बाबा म्हणतात, पंचांना सांगून आमदारांकडून शब्द टाकूया. मामा त्याच कंपनीत कंत्राटी कामाला आहे, तो म्हणतो मी आत विचारतो. आता कुंडईच्या एका कंपनीने बोलावलंय. पगार कमी आहे आणि शुक्रवारपर्यंत होय की नाही ते सांगायचंय. काय करू?
सत्तरीची एक मुलगी

बाय, उद्या सकाळी वेर्ण्याला मेल पाठव. पुसू नकोस. त्यांनीच दहा दिवस म्हटलं होतं. ती मुदत उलटून गेल्यावर विचारण्यात उतावळेपणा कसला?

महिना होत आला म्हणतेस, पण त्यातले चवथीचे दिवस बाजूला काढ. त्या आठवड्यात गोव्यात कुठली कचेरी भरलेली असते? बरीच माणसं गावच्या घरी असतात, सह्या अडून राहतात. शिवाय मुलाखत झाली म्हणजे निवड झाली असं होत नाही. लॅबचा प्रमुख नाव सुचवतो, मग पगाराला मंजुरी लागते, पुष्कळ कंपन्यांत ती गोव्याबाहेरच्या मुख्य कार्यालयातून येते. कधी पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला विचारणा झालेली असते आणि त्याचा होकार येईपर्यंत दुसऱ्या नावाला हो नाही, की नाही नाही. ही दुसऱ्या नावाची जागा फार महत्त्वाची असते. पहिला ऐनवेळी नकार देतो तेव्हा एचआरची बाई कुणाला फोन लावते? जिने मधल्या काळात नीट, शांतपणे चौकशी केली, तिचं नाव तिच्या लक्षात असतं.

मेल इंग्रजीत लिहावा लागेल, पण मजकूर आधी मराठीत मनाशी बांध: ‘नमस्कार. क्वालिटी कंट्रोलच्या जागेसाठी अमुक तारखेला माझी मुलाखत झाली होती. निवडीचं काम कुठपर्यंत आलं आहे आणि निर्णय साधारण कधी होईल, हे कळवल्यास आभारी राहीन. मला दुसऱ्या एका कंपनीकडून विचारणा झाली असून शुक्रवारपर्यंत त्यांना उत्तर द्यायचं आहे, पण तुमच्याकडे काम करण्याची माझी इच्छा आहे.’ खाली नाव आणि फोन नंबर. बस. एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक तपासायच्या यंत्रावर, हात बसला असेल आणि मुलाखतीत ते सांगायचं राहिलं असेल, तर एक ओळ वाढव. घरची परिस्थिती, आईचं आजारपण, बहिणीचं शिक्षण यातलं काही लिहू नकोस. ते खरं असेल आणि मला त्याची कदर आहे, पण मेल वाचणाऱ्या माणसाच्या हातात त्यावर करण्यासारखं काही नसतं.

कुंडईचं नाव घेऊ नकोस, पण दुसरीकडून विचारणा आहे हे जरूर सांग. ते खरं आहे म्हणूनच सांगायचं. विचारणा नसताना अशी थाप मारणाऱ्यांची गाठ कधीतरी ‘मग तिकडेच जा’ या उत्तराशी पडते.

मेलला दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन कर. अकराच्या पुढे, जेवणाच्या सुट्टीच्या आधी. एरवी मी तुला थोडं थांबायला सांगितलं असतं, आणि महिन्याची सुरुवातही टाळायला सांगितली असती, कारण तेव्हा पगार असतात आणि १५ तारखेपर्यंत पीएफ भरायचा असतो. पण तुला शुक्रवार गाठायचाय. ‘माझं झालं का?’ असं विचारू नकोस, ‘निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे?’ असं विचार. पहिल्या प्रश्नाला समोरची व्यक्ती बहुधा उत्तर देऊच शकत नाही, दुसऱ्याला देऊ शकते. एक मेल, एक फोन, तोही एकाच माणसाला. एचआरच्या बाईंच्या स्वतःच्या नंबरवर रात्री व्हॉट्सअ‍ॅप, वेळ न घेता गेटवरच्या सिक्युरिटीपाशी जाऊन उभं राहणं, आज हिला तर उद्या त्याला फोन, याला मात्र मागे लागणं म्हणतात.

आता बाबांविषयी. तू दोन ओळींच्या मेलला घाबरतेस आणि घरात आमदारांचा शब्द टाकायची तयारी चालली आहे. यातलं भिण्यासारखं दुसरं आहे, बाय. आपल्याकडे नोकरी ही कुणाच्या तरी कृपेने मिळते असं इतकी वर्षं मानलं गेलंय की स्वतःच्या अर्जाचं काय झालं हे विचारणंही पोरींना आगाऊपणा वाटतो. बाबांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलंय आणि लेकीच्या काळजीने ते बोलताहेत. पण ज्या लॅबप्रमुखाने तुझी उत्तरं ऐकून तुझं नाव पुढे केलं असेल, त्याला वरून फोन गेला तर त्याच्या मनात तुझी उत्तरं मागे पडतील आणि फोन पुढे येईल. मग रुजू झालीस तरी ‘आमदारांची मुलगी’ म्हणून ओळखली जाशील. आणि मधला कुणी ‘थोडा खर्च येईल’ म्हणाला तर तिथेच उठून ये. २०२४ च्या शेवटी सरकारी नोकरीच्या आमिषाने लाखो रुपये लुबाडल्याची प्रकरणं गोव्यात एकामागून एक बाहेर आली, ती बाबांनीही वाचली असतील.

मामाला प्रेमाने नाही म्हण. तो कंत्राटी आहे, आत एचआरकडे जाऊन भाचीसाठी विचारणं त्याला जड जाईल आणि त्याची स्वतःची जागा नाजूक आहे. त्याच्याकडून वेगळी मदत घे: शिफ्ट कशा असतात, कंपनीची बस कुठून कुठपर्यंत जाते, लॅबमधली माणसं टिकतात की वर्षात सोडतात. हे तुला कुठलाही एचआर सांगणार नाही.

राहिली आई. तिला सांग, नशिबाच्या आड हा मेल येत नाही.

सरकारी जागेसाठीही कुठे अर्ज केला असशील तर तिथली रीत निराळी. तिथे माहिती अधिकाराखाली १० रुपये भरून लेखी विचारता येतं आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खाजगी कंपनीला हा कायदा असा थेट लागू होत नाही, म्हणून तिथे नम्र मेल हेच साधन.

कुंडईला गुरुवारी फोन करून सोमवारपर्यंतची मुदत माग. तीन दिवसांसाठी सहसा कुणी नाही म्हणत नाही. नाहीच म्हणाले आणि वेर्ण्याहूनही काही कळलं नाही, तर माझं मत कुंडई घ्यावी असं आहे. वाळपईहून उसगाव-फोंडामार्गे कुंडई जवळ पडते, वेर्ण्याला रोज ये-जा करताना दिवसाचे काही तास बसमध्येच जातील. पगारातला फरक काढताना भाडं आणि खोलीचा खर्च त्यातून वजा कर, मग बघ किती उरतो. आणि सोमवारच्या आत वेर्ण्याहून होकार आला, तर हुरळून लगेच हो म्हणू नकोस. ऑफर लेखी माग, नेमणूक कंपनीत आहे की कंत्राटदाराकडे हे वाच, रात्रपाळी असेल तर गाडी घरापर्यंत सोडते का ते विचार.