फेस भरपूर, तरी दाढी कोरडी

प्रश्न : कॅनमधला फोम सोडून मी ब्रश आणि दाढीच्या साबणाची वडी वापरायला लागलो आहे. वाटीत मिनिटभरात ढीगभर फेस होतो. पण एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस विरून जातो, रेझर अडखळतो आणि नंतर मानेची आग होते. साबण बदलून पाहिला, फरक पडला नाही. आता ब्रश बदलू का?

उत्तर : ब्रश राहू द्या. मिनिटभरात ढीगभर फेस होतो, गडबड तिथेच आहे. इतक्या लवकर फुगणाऱ्या फेसात साबण थोडा आणि हवाच जास्त असते. मोठ्या बुडबुड्यांच्या भिंती पातळ असतात. त्यांतलं पाणी निथळतं आणि ते फुटतात. गालावर उरतो तो नुसता पांढरट ओघळ.

रोज दुसऱ्यांच्या गालावर फेस चढवणं हा माझा धंदा आहे, आणि फेसाच्या उंचीकडे मी कधी पाहत नाही. दाढीचे केस पाणी शोषतात तसे मऊ होतात. ते पाणी केसांजवळ धरून ठेवायचं आणि पात्याखाली निसरडा थर द्यायचा, ही फेसाची दोन कामं. म्हणून सुरुवातीला साबण भरपूर घ्या आणि पाणी मागाहून, थोडं थोडं घाला. बहुतेक जण नेमकं याच्या उलट करतात.

ब्रश भिजवा आणि टोकावरून थेंब गळणार नाही इतका झटका. मग वडीवर गोल गोल फिरवा. अर्ध्या मिनिटाच्या आत थांबू नका, वडी कडक असेल तर आणखी वेळ द्या. आधी मोठे बुडबुडे येतील, त्यांना फसू नका. ते जिरून ब्रशच्या टोकांवर दाट, चिकट लेप जमला की साबण पुरेसा झाला.

आता वाटी घ्या. मी शेजारी कोमट पाण्याचं छोटं भांडं ठेवतो आणि ब्रशची फक्त टोकं त्यात बुडवतो. तेवढं पाणी जिरेपर्यंत घोटायचं, मग पुन्हा टोकं बुडवायची. काही वेळाने फेस पांढराशुभ्र दिसतो आणि ब्रश उचलला की त्याचे ताठ सुळके उभे राहतात. इथे हात थांबतो, कारण फेस दिसतो फार देखणा. पण तो अजून तहानलेला असतो. गालावर गेला की सुकतो आणि पात्याला चिकटतो. पाणी घालत राहा. सुळक्यांची टोकं वाकायला लागतील, बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतील आणि फेसावर ओल्या ऑइलपेंटसारखी चकाकी येईल. दाढी करायचा फेस तो! चिमूटभर अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहा. बोटं एकमेकांवरून सहज घसरली पाहिजेत, जरा जरी अडली तर अजून दोन थेंब घाला.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी दाढी न करता नुसता फेस करा आणि मुद्दाम जास्त पाणी घाला. तो सैल पडून बुडबुडे पुन्हा दिसायला लागतात ती हद्द एकदा पाहिली, की रोज तिच्या अलीकडे थांबता येतं. हद्द ओलांडलीच तर ब्रश वडीवर पुन्हा फिरवून आणा, फेस सावरतो.

साबण बदलूनही तेच झालं, म्हणून पाण्याचाही संशय घ्या. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं, त्याचा न विरघळणारा साका होतो आणि तेवढा साबण वाया जातो. दोन बाटल्यांत साबणाचा सारखाच कीस टाका, एकीत नळाचं पाणी आणि दुसरीत डिस्टिल्ड वॉटर भरा आणि हलवा. नळाच्या बाटलीत पाणी गढूळ झालं आणि फेस लगेच बसला, तर पाणी जड आहे. फेसाला जेमतेम अर्धी वाटी पाणी लागतं, तेवढं डिस्टिल्ड वापरा. उकळून गार केलेलं वरचं निवळ पाणी काही ठिकाणी चालतं, पण उकळल्याने सगळा जडपणा जात नाही.

वडी खास दाढीचीच आहे ना, तेही पाहा. अंगाच्या साबणात बहुधा सोडियमचे क्षार असतात. दाढीच्या चांगल्या साबणात पोटॅशियमचेही असतात, ते पाण्यात सहज विरघळतात. घटकांत स्टिअरिक ॲसिड आणि ग्लिसरीन दिसलं तर उत्तम. स्टिअरिक ॲसिडमुळे फेस दाट होऊन टिकतो, ग्लिसरीन ओल धरतं.

लावण्याआधी चेहरा दोन-तीन मिनिटं ओला ठेवा. अंघोळीनंतर दाढी केली तर हे आपोआप होतं. कढत पाणी नको, त्याने त्वचाही दुखावते आणि फेसही लवकर सुकतो. ब्रश आधी गोल फिरवून फेस केसांच्या मुळाशी पोचवा, मग वरून हलके फटके मारून सारखा करा. रेझरचा दुसरा हात फिरवण्याआधी चेहरा ओला करून फेस नव्याने लावायचा. फेस निघालेल्या जागेवर रेझर पुन्हा फिरवायचा नाही, या बाबतीत मी फार कडक आहे.

मानेचं वेगळं सांगतो, कारण तिथली आग केवळ फेसाने जाणार नाही. मानेवरचे केस बऱ्याचदा आडवे किंवा खालून वर वाढतात. कोरड्या मानेवरून बोट फिरवून पाहा : ज्या दिशेने बोट अडत नाही, त्या दिशेने पहिला हात घ्या. रेझर दाबू नका. आग थांबेपर्यंत मानेवर केसांच्या उलट दिशेने रेझर फिरवणं बंदच ठेवा.

प्रश्न : डुकराच्या केसांचा नवा ब्रश घेतला. तो टोचतो आणि त्याला वास येतो. परत करू?

उत्तर : थोडा धीर धरा. हे केस जाड असतात, म्हणून वापरण्याआधी पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा. वापरता वापरता टोकं फाटत जातात आणि तीच गालाला मऊ लागतात. वासासाठी ब्रशवर साबणाचा फेस करून तो तसाच काही तास राहू द्या, मग धुवा. असं काही वेळा करावं लागेल. सुरुवातीला एखाददुसरा केस गळतो. झुबकाच सुटत असेल तर मात्र परत करा. रोज धुऊन, झटकून उघड्यावर वाळवा, बंद कपाटात ओला ठेवू नका.