गागाभट्टांचं काम करणारे मुख्यमंत्री

तुम्ही विचारलंय की चेन्नईत बदली झाल्यापासून अण्णा सलाई, अण्णा नगर, चौकाचौकात अण्णांचे पुतळे दिसतात. तर हे अण्णा कोण, आणि ऑफिसातली माणसं त्यांना कधी लेखक तर कधी नेता का म्हणतात?

मी इथे नऊ वर्षं आहे. तमिळ मोडकंतोडकं येतं, तेव्हा हे अभ्यासकाचं नव्हे, शेजाऱ्याचं उत्तर समजा.

सुरुवात आपल्या ओळखीच्या नावापासून करतो. नट शिवाजी गणेशन यांचं मूळ नाव व्ही. सी. गणेशन. कांजीवरमच्या विणकर घरातल्या सी. एन. अण्णादुराईंनी, म्हणजे तुमच्या या अण्णांनी, चाळीसच्या दशकात 'शिवाजी कंड हिंदू राज्यम' नावाचं नाटक लिहिलं. गणेशनने त्यात महाराजांची भूमिका केली, ती पाहून ब्राह्मणेतर द्रविड चळवळीचे पुढारी पेरियार ई. व्ही. रामस्वामींनी त्याला 'शिवाजी' म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. आणि त्यात गागाभट्ट कोण झालं होतं? स्वतः अण्णा! नाटकाचा सगळा जीव राज्याभिषेकाच्या वादात आहे. तलवारीच्या जोरावर राज्य उभं करणाऱ्याला राजा म्हणवून घ्यायला काशीच्या पंडिताचा शिक्का का लागावा? जोतीराव वाचलेल्या माणसाला हा सल नवा नाही. मला गंमत वाटते ती ही की नाटक ज्याच्यावर उलटतं, तीच भूमिका लेखकाने स्वतःकडे घेतली.

म्हणून लेखक की नेता, हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. या माणसाने राजकारण लिहून केलं. जन्म १९०९ चा, अर्थशास्त्रात एम.ए. पेरियारांच्या वृत्तपत्रांत संपादन केलं आणि १९४२ मध्ये स्वतःचं 'द्राविड नाडु' साप्ताहिक काढलं. त्यात ते कार्यकर्त्यांना पत्रं लिहीत, मायना एकच: तंबी, म्हणजे धाकट्या भावा. लिहिणारा अर्थातच थोरला भाऊ, अण्णा. आपल्याकडचे पुढारी 'माझ्या तमाम बंधूंनो' म्हणतात; इथे हजारो पोरांना आठवड्याला घरचं पत्र आल्यासारखं वाटायचं. पक्षबांधणीची याहून स्वस्त युक्ती मला माहीत नाही.

पेरियारांशी त्यांचं आधीच बिनसलं होतं. १५ ऑगस्ट १९४७ हा पेरियारांनी दुखवट्याचा दिवस ठरवला, अण्णांना ते पटलं नाही. १९४९ मध्ये सत्तरीला टेकलेल्या पेरियारांनी तरुण मणियम्मैंशी लग्न केलं, तेव्हा अण्णा बाहेर पडले आणि १७ सप्टेंबरला त्यांचा पक्ष द्रमुक (द्रविड मुन्नेत्र कळघम) स्थापन झाला. अध्यक्षाची खुर्ची मात्र पेरियारांसाठी रिकामी ठेवली, स्वतः सरचिटणीस. त्याच वर्षी 'नल्लतंबी' आणि 'वेलैक्कारि' हे त्यांनी लिहिलेले दोन चित्रपट आले. 'वेलैक्कारि' म्हणजे मोलकरीण. कायदा ही अंधारी खोली आहे, हे त्यातलं वाक्य लोक अजून फेकतात.

सगळंच गोड नाही. 'आर्य मायै', म्हणजे आर्यांची माया, या त्यांच्या पुस्तकावर खटला होऊन शिक्षा झाली. त्यातलं लिखाण मला तरी एकांगी वाटतं. शिवाय अनुप्रासांचा इतका सडा की अनुवादात दमछाक होते. इथे त्या शैलीला अडुक्कुमोळि म्हणतात, रचून ठेवलेली भाषा.

१९६२ च्या निवडणुकीत ते घरच्या कांजीवरमलाच पडले आणि राज्यसभेत गेले. तिथे वेगळ्या द्रविड देशाची मागणी मांडली. मग चीनचं युद्ध आलं, १९६३ मध्ये फुटीरतेविरुद्ध घटनादुरुस्ती झाली आणि त्यांनी ती मागणी सोडून दिली. काही जण याला माघार म्हणतात, मला शहाणपण वाटतं. हिंदीला विरोध मात्र सोडला नाही. बोलणारे जास्त म्हणून हिंदी राष्ट्रभाषा म्हणता, मग कावळे जास्त असताना राष्ट्रीय पक्षी मोर कसा, असा त्यांचा सवाल.

१९६७ च्या निवडणुकीत काँग्रेस आडवी झाली आणि अण्णा मुख्यमंत्री झाले. तांदळाची टंचाई होती आणि प्रचाराची ओळ ऐका: 'मूंड्रु पडि लट्चियम, ओरु पडि निच्चयम'. पडि म्हणजे तांदूळ मोजायचं माप. रुपयाला तीन मापं हे लक्ष्य, एक माप नक्की. लक्ष्य नि निश्चय, दोन्ही आपलेच शब्द, तमिळ न येताही कळतात. एका मापाची योजना मद्रास आणि कोइंबतूरला सुरू झाली, पण खर्च न परवडून गुंडाळावी लागली. यमक जुळवणं सोपं, तांदूळ जुळवणं कठीण.

निवडून आल्यावर ते आधी त्रिचीला पेरियारांकडे गेले, ज्यांनी निवडणुकीत काँग्रेसचा प्रचार केला होता! मग पुरोहिताविना झालेल्या स्वाभिमान विवाहांना कायद्याने मान्यता दिली, शाळांतून हिंदी काढून तमिळ-इंग्रजी हे दोनच भाषांचं धोरण आणलं. मद्रास राज्याचं तमिळनाडू हे नाव १४ जानेवारी १९६९ ला लागू झालं, पोंगलच्या दिवसांत. अण्णा तोवर कॅन्सरने खंगले होते. ३ फेब्रुवारीला गेले. अंत्ययात्रेला दीड कोटी लोक होते अशी गिनेस बुकात नोंद झाली.

एखाद्या रविवारी मरीना किनाऱ्यावर त्यांची समाधी बघून या. पलीकडे नट आणि नंतरचे मुख्यमंत्री एमजीआर यांच्या समाधीला लोक कान लावून बसतात, आत घड्याळ टिकटिकतं म्हणे. अण्णांच्या समाधीपाशी तशी गर्दी नसते, निवांत उभं राहता येतं. तिथे कोरलंय, 'एदैयुम तांगुम इदयम', काहीही सोसणारं हृदय. इदयम कुठला शब्द ते तुम्हाला सांगायला नको.