चालू पंपांच्या ओळी

अनेक आशीर्वाद.

लालबाग-परळच्या सोसायट्यांत वरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपांची तुझी शीट पाहिली. आयुष्याची सरासरी 500 दिवस, प्रमाण विचलन 400, आणि त्यावर नॉर्मल वितरणाची घंटा (घंटेच्या आकाराचा आलेख). ती शून्य दिवसांच्या खालीही पसरते, म्हणून त्या हिशेबाने दहा टक्क्यांहून जास्त पंप बसवायच्या आधीच बंद पडलेले निघतात! ती घंटा काढ.

त्याहून मोठी गडबड म्हणजे, जे पंप अजून चालू आहेत त्यांच्या ओळी तू ‘माहिती अपूर्ण’ म्हणून उडवल्यास. तीन वर्षं बिनतक्रार चाललेला पंप किमान तीन वर्षं टिकतो, हे तर नक्की कळलं ना? अशा नोंदी सेन्सर्ड म्हणून ठेवायच्या, म्हणजे ‘निदान इतके दिवस टिकला, पुढचं अजून माहीत नाही’. नुसते बंद पडलेलेच मोजलेस तर आयुष्य कमीच दिसणार.

मग वायबुल वितरण लाव. वालोडी वायबुल या स्वीडिश अभियंत्याने 1951च्या निबंधात पोलादाबरोबर भारतीय कापसाच्या तंतूंची ताकदही याच सूत्रात बसवून दाखवली होती. गिरणगावात बसून हे काम करणाऱ्याला एवढं माहीत असावं. वायबुलचा बीटा, म्हणजे त्याचा आकार ठरवणारा आकडा, 1पेक्षा कमी आला तर नवे पंपच लवकर जाताहेत, म्हणजे मालात नाहीतर बसवण्यात खोट. बरोबर 1 म्हणजे एक्स्पोनेन्शियल वितरण: वयाचा संबंध नाही, चालता पंप मुदतीने बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. 1च्या वर झीज. तिथेच मुदत ठरवण्यात अर्थ.

खरी मेख पुढे आहे. तुझा बीटा 1च्या आसपास येईल अशी माझी अटकळ आहे, आणि तू ‘वयाचा संबंध नाही’ असं लिहून टाकशील. थांब. बेअरिंग झिजलेले, पालिकेचं पाणी न आल्याने खालची टाकी रिकामी असताना कोरडे चालून जळलेले, शाफ्ट तिरका बसल्याने महिन्याभरात गेलेले, हे सगळे एकत्र मिसळले की असाच आकडा येतो. प्रत्येक कारणाचा वायबुल वेगळा लाव. बेअरिंगचा हिशेब करताना इतर कारणांनी गेलेले पंप त्या दिवसापर्यंत सेन्सर्ड धर. कारणाच्या रकान्यात नुसतं ‘पंप खराब’ असेल (असणारच), तर त्या सोसायट्यांच्या वॉचमनना फोन कर. त्यांना आठवतं.

सॉफ्टवेअरला पंधरा वितरणं देऊन सगळ्यात छान बसणारं उचलू नकोस. लॉगनॉर्मल आणि वायबुल मधल्या भागात जुळ्या भावांसारखे दिसतात. फरक पडतो तो टोकांना, जिथे तुझ्याकडे नोंदीच नाहीत.

आणि रिवाइंडिंग करून आलेला पंप नवा धरू नकोस. त्या ओळी बाजूला काढ, त्यांचं सोमवारी बसून बघू.