नव्या गाडीला पीपीएफ घरी लावावं की दुकानातून लावून घ्यावं?

तुम्ही विचारलंय, गाडी नवी आहे, नागपुरातच राहता, ऑनलाइन पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म, मागवून घरी लावली तर जमेल का? जमेल भाऊ, पण बंपरच्या वाटेला जाऊ नका.

मी थेट बॉनेटपासून सुरुवात केली, तीही मार्चअखेर, पोर्चमध्ये. पत्रा इतका तापलेला की शाम्पूचं पाणी फवारलं की फिल्म टेकवायच्या आत सुकायचं. पाण्याचा थर असेल तरच फिल्म सरकते. नसेल तर गोंद टेकला तिथेच धरतो. मी उचलून पुन्हा लावली, तर गोंदावर रेघ उमटली. तिरक्या उन्हात ती आजही दिसते. कडुनिंबाचा मोहोर झडत होता, त्यातलं एक फूल आत अडकलं. तेही आहेच.

हौस असेल तर डिसेंबर-जानेवारीतली सकाळ धरा. फरशी ओली करा, पंखा बंद. बोअरचं पाणी नको, क्षाराचे डाग फिल्मखाली राहतात. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. एका बाटलीत त्यात बेबी शाम्पूचे थेंब, फिल्म सरकवायला. दुसरीत आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून, कडा धरायला. हात दाराच्या कडेवर आणि डिकीच्या उंबरठ्यावर बसवा. हँडलमागची वाटी दिसते एवढीशी, पण खोलगट असल्याने फार छळते.

बंपरवर फिल्म ताणावी लागते. जास्त ताणली की ती आखडते, कड सुटते आणि तिथे धुळीची काळी रेघ बसते. समृद्धीवर पुढच्या गाडीचे खडे नेमके बंपर-बॉनेटवरच येतात, म्हणून पैसे तिथे घाला. अख्खी गाडी गुंडाळायची गरज मला तरी वाटत नाही.

दुकानात दोन गोष्टी विचारा. फिल्म टीपीयू आहे की पीव्हीसी? (दोन्ही प्लास्टिकचेच प्रकार.) पीव्हीसी आपल्या उन्हात लवकर पिवळी पडते. टीपीयूच्या चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उष्णतेने आपोआप भरतात, आणि उष्णतेची मेअखेरच्या नवतपात काय कमी! दुसरं, कापणी प्लॉटरवर (संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्रावर) की गाडीवरच ब्लेडने? ब्लेड म्हणाले तर कारागिराचं आधीचं काम बघा, कारण ब्लेड रंगापर्यंत गेलं तर फिल्मखालचा तो चरा भरून येत नाही.

एखादं पॅनल पुन्हा रंगवलेलं असेल तर आधीच सांगून ठेवा. पुढे फिल्म काढताना तो रंगही सोबत निघू शकतो.